उजवा पुढचा

पोरगी घोड्यावरून पडली, असं अख्खं गाव सांगतं. मी सांगते, पाडली. पाडणारा माझा सख्खा भाऊ, आणि तोंड शिवून बघत राहणारी मी. तेव्हा उगाच मुक्या जनावराला नावं ठेवू नका.

आमचा धंदा नालबंदीचा. रस्त्याला लागून पत्र्याचं छप्पर, त्याखाली भट्टी, भाता आणि ऐरण, पुढे दगडी फरशीचं अंगण आणि मागे आमच्या दोन खोल्या. नवरा गेल्यावर मी भावाकडे परत आले ती रिकाम्या हातानं आले, पण काम अंगात होतं. भाऊ नाल ठोकतो, मी पाय धरते. पाय धरणं म्हणजे जनावराकडे पाठ करून वाकायचं, त्याचा पाय उचलून आपल्या मांड्यांत घट्ट घ्यायचा, आणि त्यानं अंगाचा सगळा भार आपल्यावर टाकला तरी हलायचं नाही. वर भाऊ म्हणणार, "ताई, जरा नीट धर." संध्याकाळी सरळ उभं राहायला मला भिंत लागते. तरी भावजयीच्या माहेरची माणसं आली की विचारतात, नणंद दिवसभर काय करते?

आमच्या वडिलांनी घालून दिलेली एक पद्धत होती. नाल ठोकून झाले की हलक्या अंगाचं एक पोर जनावराच्या पाठीवर बसवायचं आणि फरशीवर चार फेऱ्या मारायच्या, दोन चालत, दोन दुडक्या चालीनं. नालबंदानं डोळे मिटून टापांचा आवाज ऐकायचा. वर बसलेल्यानं खाली काय जाणवतं ते सांगायचं. कानाला कळत नाही ते बुडाला कळतं, असं वडील म्हणायचे, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. वरच्यानं 'जाऊ द्या' म्हटल्याशिवाय जनावर अंगणाबाहेर पडत नसे, मग मालक कितीही मोठा असो. लहानपणी मी बसायचे. माझ्या एका 'नाही'साठी वडिलांनी एका बड्या साहेबाच्या घोडीचे चारही नाल उपटून पुन्हा ठोकले होते आणि साहेब उन्हात उभा होता. पुढे माझं अंग भरलं, मी खाली उतरले आणि पाय धरायला लागले.

आता बसायची ती माझी भाची. नऊ वर्षांची, सुकडी, गुडघ्यांना कायम खरचटलेलं. जनावर कितीही उधळो, ही पाठीला चिकटून. म्हणून तट्टूवाल्यांनी तिचं नाव पिसू ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचं. शाळेत कुणी खरं नाव विचारलं तर आधी पिसूच सांगायची. चार पावलं चाललं की तिला कळायचं, डावा मागचा खूर एका अंगाला जास्त तासलाय, किंवा नालाची एक बाजू उंच आहे. एकदा म्हणाली, "बाबा, ह्याला नालाचं काही नाही, ह्याचं पोट दुखतंय." आणि खरंच त्याचं पोट दुखत होतं. तेव्हा बापाची छाती काय फुगली होती! येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होता.

पाऊस संपला की वीटभट्ट्या लागतात. कच्च्या विटा वाहायला तट्टं लागतात, तट्टांना नाल लागतात, आणि वर्षभराचं आमचं काम त्या दोन आठवड्यांत येतं. वीटभट्टीच्या ठेकेदाराकडे शंभरेक तट्टं. यंदा त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं, "पुलापलीकडे एक नवा बसलाय. तयार नाल आणतो, पटापट ठोकतो, फेऱ्या नाहीत न् बिऱ्या नाहीत. तू दिवसाला दहा करणार असशील तर सांग, नाहीतर मी तिकडे जातो."

भाऊ म्हणाला, "करतो की."

दिवसाला सहा व्हायची, त्याची दहा करायला हा निघाला. हात तेच दोन. मग घाई सुरू झाली. खूर नीट तासायचा नाही, नाल गरम करून बेतायचा नाही, खिळा सरळ गेला की वाकडा ते बघायचं नाही, ठोक की पुढचं घे. मी दोनदा म्हटलं, जरा दमानं. तो म्हणाला, "तू पाय धर."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक भुरं तट्टू झालं. पिसू वर बसली. ठेकेदार छपराच्या खांबाला टेकून उभा, हातात साखळीचं घड्याळ, त्याचं झाकण सारखं उघडतोय, मिटतोय. अजून चार तट्टं रांगेत होती. मी रांगेतल्या पुढच्या तट्टाचा पाय मांड्यांत घेऊन वाकले होते.

पिसूनं एक फेरी चालत मारली आणि हाक दिली, "बाबा, उजवा पुढचा."

"काय उजवा पुढचा?"

"टेकवताना चोरतोय."

"नवा नाल आहे. सवय होईल. पळव."

"बाबा, नको. ह्याला दुखतंय."

ठेकेदार हसला. "वा रे नालबंद! धंदा तुझा का पोरीचा?"

भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पळव म्हटलं ना!" म्हणाला, आणि पोरगी काही करायच्या आत त्यानं स्वतः जाऊन तट्टाच्या पुठ्ठ्यावर थाप हाणली.

मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. पोरीच्या आवाजात लाड नव्हता, भीती नव्हती, ती कामाचं बोलत होती. 'थांब' एवढंच मला म्हणायचं होतं. मी मान वर केली आणि परत खाली घातली. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला मान खाली घालायची इतकी सवय होते की ती कुणी न सांगता आपोआप जाते. ह्याची मला आजही लाज वाटते.

तट्टू चार पावलं दुडकलं. कोपऱ्यावर वळताना उजवा पुढचा पाय फरशीवर पडला आणि त्याचा खांदाच खचला. पोरगी मानेवरून पुढे गेली. हनुवटी दगडावर आपटल्याचा आवाज मी ऐकला, आणि तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

आणि माझा भाऊ काय म्हणाला ऐका. पोरगी अजून खाली होती, हनुवटीतून रक्त येत होतं, तिला उचलायच्या आधी, ठेकेदाराकडे बघत तो म्हणाला, "लगाम ओढला तिनं. हल्ली लक्षच नसतं तिचं."

चोराच्या उलट्या बोंबा ह्यालाच म्हणतात.

पोरीनं ते ऐकलं. रडत होती ती रडायची थांबली आणि बापाकडे बघत राहिली. नंतर दवाखान्यात हनुवटीला तीन टाके घातले तेव्हाही तिनं हूं की चूं केलं नाही. डावं मनगट मुरगळलं होतं, त्याला पट्टी बांधून हात गळ्यात अडकवून दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शूर आहे हो पोरगी." मला वाटलं, शूर कसली, हिचं आत काहीतरी मोडलंय आणि त्याला टाका घालायला तुमच्याकडे सुई नाही.

मग फुकटचे सल्ले सुरू झाले. शेजारीण म्हणाली, मुलीच्या जातीला घोड्यावर बसवायचंच कशाला? रस्त्यापलीकडचा दुकानदार म्हणाला, पडल्याशिवाय का कुणी स्वार होतं, लगेच परत बसवा, नाहीतर भीती मुरते. हा माणूस आयुष्यात खुर्चीवरून उठलेला नाही. तट्टूवाले अंगणातून जाताना हसून म्हणायचे, "काय गं, पिसू झडली का?" ते काही वाईट मनानं म्हणत नव्हते. पण तिसऱ्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, "मला पिसू नका म्हणू."

अंगणात यायची ती बंद झाली. मागच्या खोलीत बसायची, नाहीतर आईच्या मागे मागे. तट्टं येत होती, नाल ठोकून घेत होती, जात होती. फेऱ्या बंद, 'जाऊ द्या' बंद. ठेकेदार खूश, दिवसाला दहा होत होती.

चौथ्या दिवशी भावाला दुकानदाराचा सल्ला आठवला. आमच्याकडे वडिलांच्या वेळची एक म्हातारी घोडी आहे, दात पडलेली, उभ्या उभ्या झोपणारी. तिच्यावर खोगीर टाकून त्यानं अंगणात आणली आणि पोरीला हाक मारली. पोरगी दारात उभी राहिली.

"ये, बस."

"नको."

"अगं ही म्हातारी आहे. हिच्यावरून पडायचं ठरवलं तरी पडता येत नाही. ये."

"बाबा, नको."

तट्टूवाले बघत होते. बघणारे असले की माझ्या भावाची अक्कल गहाण पडते. त्यानं तिला बखोटीला धरून उचललं आणि खोगिरावर ठेवलं. "काही होत नाही. रडायचं नाही. हसून दाखव सगळ्यांना."

ती रडली नाही. एका हातानं घोडीची आयाळ धरून बसली, पांढरी फटक. घोडी जागची हललीसुद्धा नव्हती. मग खोगिराच्या कडेवरून पाण्याची धार खाली फरशीवर आली. एक तट्टूवाला फसकन हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

मी हातातला पाय सोडला आणि गेले. तिला उतरवलं, माझ्या लुगड्याचा पदर तिच्याभोवती घेतला आणि मागे न्हाणीत नेलं. भावजय चुलीपुढून धावत आली. तिनं गरम पाणी काढलं, परकर बदलला. "वन्सं," ती मला म्हणाली, "तुम्ही बोला ना त्यांच्याशी. माझं ऐकत नाहीत."

मी म्हटलं, "माझं तरी कुठे ऐकतो?"

पोरगी एकदम म्हणाली, "आत्या, मला काही कळत नाही."

"काय कळत नाही बाळा?"

"मला वाटलं होतं त्याला दुखतंय. खरंच वाटलं होतं. पण बाबा म्हणाले मीच लगाम ओढला. मी लगाम ओढल्याचं मला आठवत नाही." तिनं गळ्यातल्या पट्टीची गाठ चाचपली. "मग मला आधी जे जे कळायचं, ते पण खोटंच असेल ना?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. पोरगी घोड्याला भीत नव्हतीच. दुकानदाराला आणि गावाला वाटत होतं भीती मुरली. तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, आणि तो घोड्यानं उडवला नव्हता. मी तिला सांगितलं, "तुला कळलं ते खरं होतं. मी पण ऐकलं होतं." तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग तू का नाही बोललीस?"

आत्याच्या एकटीच्या शब्दाला किंमत नव्हती, कारण ज्या दिवशी किंमत होती त्या दिवशी आत्यानं तो गिळला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते भुरं तट्टू परत आलं. लंगडत, उजवा पुढचा पाय टोकावर टेकवत. त्याच्या तट्टूवाल्यानं त्याला सगळा रस्ता ओढतच आणला होता. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. म्हणाला, "चार दिवस ओझं वाहिलं बिचाऱ्यानं. आता उभंच राहीना."

मी पाय उचलला. खूर गरम लागत होता, तापलेल्या तव्यासारखा. भावानं हातोडीनं एकेक खिळ्यावर हलके टकटक केलं. तिसऱ्या खिळ्यावर जनावरानं असा हिसका दिला की मी भिंतीवर आदळले. पुन्हा धरला. भावानं पक्कड लावून खिळा ओढला. खिळा ओला होता, काळा, आणि त्याला घाण वास येत होता. मागोमाग भोकातून पू आला. खिळा खुराच्या कडेतून बाहेर निघायच्या ऐवजी आतल्या कोवळ्या मांसाला लागला होता. घाईत ठोकलेला खिळा. त्या खिळ्यावर ते तट्टू पोरीनं चालवलं होतं, आणि एका फेरीत तिनं ओळखलं होतं.

भावानं तो खिळा मुठीत मिटला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हाताऱ्याला म्हणाला, "त्या दिवशी पोरीनं ओढलं ना, तेव्हा मुरगळलाय. शेक द्या. होईल बरा."

म्हाताऱ्यानं पू बघितला असेल की नाही कोण जाणे. तट्टू घेऊन गेला.

दुपारी जेवायला बसलो. भाऊ मान घालून जेवत होता. मी ताटावर बसले नाही, उभी राहिले.

"खिळा कुठे आहे?" मी विचारलं.

"कसला खिळा?"

"तुझ्या खिशातला."

भावजयीनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. भाऊ म्हणाला, "ताई, जेवू दे."

"पोरीला सांग. आत्ता सांग. ती आत बसलीय."

"सांगतो की. हंगाम संपू दे. आत्ता तोंडातून गेलं की गावभर होईल, आणि ठेकेदार उद्या पुलापलीकडे जाईल. मग काय खायचं? तुला काय, तू बोलून मोकळी." आणि मग तो म्हणाला ते, जे गेली सहा वर्षं आमच्या दोघांच्या मध्ये न बोललेलं पडून होतं. "तू जे खातेस ते कुठून येतं ते तरी बघ."

भावजय म्हणाली, "अहो!"

मी म्हटलं, "माझ्या कमरेतून येतं. दिवसाला दहा वेळा चार पाय मी धरते म्हणून येतं." आणि बाहेर येऊन ऐरणीजवळच्या ठोकळ्यावर बसले. जेवले नाही.

शेवटची पाच तट्टं दोन दिवसांनी सकाळी यायची होती. त्याच दिवशी संध्याकाळी वीटभट्टीत विटा भरायच्या, त्यामुळे ठेकेदार स्वतः हजर. भावानं भट्टी पेटवली, हत्यारं मांडली, पहिलं तट्टू अंगणात घेतलं आणि म्हणाला, "ताई, धर."

मी ठोकळ्यावर बसून राहिले. दोन्ही हात मांडीवर.

"ताई."

"मी धरणार नाही."

त्याला वाटलं कंबर दुखतेय. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आता तमाशा नको. संध्याकाळी बोलू."

मीही तितक्याच हळू म्हटलं, "जिथे खोटं बोललास तिथेच खरं बोल. ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर."

तो फणकारून गेला. एकट्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. एका हातानं पाय आणि एका हातानं तासणी, असं कुठे होतं का? तट्टानं पाय झटकला, तासणी उडाली. एका तट्टूवाल्याला धरायला बोलावलं. त्यानं असा धरला की जनावर आणि तो दोघे एकदम खाली बसले. हसू पिकलं. ठेकेदार ओरडला, "चाललंय काय? तुझी बहीण का रुसून बसलीय?"

तेवढ्यात म्हातारा तट्टूवाला पुढे झाला. त्याचं भुरं वीटभट्टीवर दावणीला होतं, तो दुसऱ्याचं तट्टू घेऊन आला होता. ठेकेदाराकडे न बघता माझ्या भावाला म्हणाला, "माझ्या जनावराच्या खुरातून दोन दिवस पू वाहतोय. मुरगळलेल्या पायाला पू येतो का रे?"



मला वाटलं, आता भाऊ आणखी एक खोटं जुळवील. त्याला येतं ते. पण त्याचं लक्ष दाराकडे गेलं. पोरगी उभी होती, हात गळ्यात, आईच्या मागे अर्धी लपलेली. पण तिनं बापावरची नजर हलवली नव्हती. मग त्यानं खिशात हात घातला आणि तो काळा खिळा काढून ऐरणीवर ठेवला.

"खिळा मी चुकीचा मारला," तो म्हणाला. "जिवंत मांसाला लागला. पोरगी वर बसली होती, तिला कळलं होतं. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. मी तट्टाला थाप मारली. लगाम तिनं ओढला नाही. मी खोटं बोललो." आवाज असा की ऐकायला कान द्यावे लागत होते.

"मोठ्यानं," मी म्हटलं. मला दया आली नाही. खरं सांगते, जराही आली नाही.

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं.

ठेकेदाराचं तोंड सुटलं. दोन दिवस तट्टू फुकट गेलं, आणखी किती जनावरांचे खूर असे बरबाद केलेत, पुढल्या हंगामाला ह्या अंगणात पाय ठेवणार नाही, आणि बरंच काही जे मी लिहीत नाही. भाऊ ऐकत उभा राहिला. पण पुलापलीकडच्या रांगेत लागून पाच तट्टांना नाल ठोकून संध्याकाळपर्यंत परत येणं शक्य नव्हतं, आणि ते ठेकेदारालाही ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "आता ही पाच तरी नीट करून दे." त्यानं अख्ख्या हंगामात पहिल्यांदा 'नीट' हा शब्द वापरला.

भाऊ दाराशी गेला. पोरीसमोर उकिडवा बसला. काजळीनं भरलेले हात कुठे ठेवावे ते त्याला समजेना. "चुकलो," तो म्हणाला. "आता बसशील?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"आता कशाला भ्यायचं? मी सांगितलं ना सगळ्यांना."

तिनं विचार केला. मग म्हणाली, "आधी तुम्ही बसा."

"मी?"

"हो. तुम्ही वर बसा. मी धरून चालवते."

तट्टूवाल्यांत खसखस झाली. माझा भाऊ तीस वर्षं घोड्यांच्या खुरांशी राहिलाय, पण पाठीवर कधी बसलेला नाही. लहानपणी बसायचे ती मी. हा जन्मापासून जड. त्यानं माझ्याकडे बघितलं, जणू मी त्याला सोडवीन. मी छपराकडे बघायला लागले.

शेवटी म्हातारी घोडी आणली. तिच्यावर चढायला त्याला ठोकळा लागला. वर गेल्यावर तो असा आखडून बसला, जणू पाठीला कुणीतरी काठी बांधलीय. दोन्ही हातांत आयाळ. पोरीनं उजव्या हातानं लगाम धरला आणि चालायला लागली. म्हातारी घोडी आळसानं एकेक पाऊल टाकत होती. भट्टीजवळून जाताना एक निखारा फुटला, घोडीनं कान टवकारले, एवढंच. भावाचा चेहरा राखेसारखा झाला.

"काय वाटतंय?" पोरीनं विचारलं. ती टवाळी करत नव्हती, अगदी कामाचं विचारत होती.

"भीती वाटतेय," तो म्हणाला. मग, "थांब."

ती थांबली. पहिल्याच शब्दाला थांबली. घोडी थांबली, लगाम सैल पडला, आणि तिनं वर बघून विचारलं, "उतरायचंय?"

भाऊ वरच बसून रडायला लागला. सगळ्यांदेखत, आवाज न करता, नाक पुसायलाही हात सुटेना म्हणून तसाच. ह्या वेळी कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं त्याला असं बघून मला बरं वाटेल. बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

तो उतरला. मग मी उठले, कंबर बांधली आणि पहिल्या तट्टाचा पाय धरला. भावानं खूर तासला, पुन्हा तासला, नाल तापवून बेतला, आणि एकेक खिळा असा मारला की प्रत्येक ठोक्याला मान वाकवून आवाज ऐकत होता. एका तट्टाला पूर्वीसारखा वेळ लागला. ठेकेदाराचं घड्याळ उघडत होतं, मिटत होतं.

चौथा नाल बसला तेव्हा पोरगी अंगणात आली. कुणी हाक मारली नव्हती. तिनं गळ्यातली पट्टी सोडून आईच्या हातात दिली, तट्टाच्या नाकावर हात ठेवला, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मी गुडघा पुढे केला, तिनं त्यावर पाय दिला आणि वर गेली. तिनं आयाळ दोनदा मुठीत धरली, दोनदा सोडली. पण ती वर होती.

पहिली फेरी फार हळू. दुसरीही. मग तिनं टाचा लावल्या आणि तट्टू दुडकायला लागलं. भाऊ अंगणाच्या मधोमध डोळे मिटून उभा होता. चार टापा, एकसारख्या, फरशीवर वाजत होत्या. माझ्या कानाला तरी त्यात काही खोट सापडली नाही. चौथी फेरी संपली. तिनं 'जाऊ द्या' म्हटलं नाही. पाचवी सुरू केली.

ठेकेदार खांबापासून सुटला. "झालं की नाही? सोड आता, उशीर होतोय," तो माझ्या भावावर ओरडला.

भावानं डोळे उघडले नाहीत. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "वर बसलीय तिला विचारा."

ठेकेदारानं इकडे तिकडे बघितलं. तट्टूवाले बघत होते. मी कंबरेवर हात ठेवून बघत होते. मग तो एवढा मोठा माणूस फरशीवर चार पावलं पुढे गेला, मान वर केली आणि नऊ वर्षांच्या पोरीला विचारलं, "काय गं, नेऊ का?"

"थांबा," पोरगी म्हणाली, आणि तट्टू वळवून आणखी एका फेरीला निघाली.